गोळी आधी, चहा मागून

दाजी, तुमच्या घरी भेटायला आलेली माणसं हळू बोलायचा फार प्रयत्न करत होती. पण मोंढ्याच्या बाजारातली माणसं ती, सगळा जन्म हळदीच्या ढिगाऱ्यांभोवती ओरडण्यात गेलेला. आडते, हमाल, गावोगावचे शेतकरी. एकेक जण दारातून वाकून आत यायचा, आक्कासमोर बसायचा आणि "लई वाईट झालं, वहिनी," असं कुजबुजायला जायचा, ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. मी आक्काच्या मागं पदर तोंडाला लावून बसले होते. लोकांना वाटलं, मेव्हणी रडतेय. रडत तर होतेच. पण त्या घडीला मला हसू आवरत नव्हतं. तुम्ही असता तर मला लगेच पकडलं असतं. "मयताच्या घरी हसून राहिली काय गं, शोभे?" असं सगळ्यांदेखत विचारलं असतं.

तुमचं वय किती, शिक्षण किती, मागं कोण कोण, हे सगळं लोकांनी श्रद्धांजलीच्या फलकावर लिहिलंय. ते मी लिहीत नाही. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि आपलं बोलणं व्हायचं ती वेळ आता सकाळी मोकळीच असते. म्हणून लिहायला बसले.

आक्काचं लग्न झालं तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते. नवा जावई घरी आला की मुली लाजून आत पळतात. मी पळाले ती तुमच्या आवाजाला भिऊन. तुम्ही नुसतं "पाणी आणा" म्हणालात तर परसातली गाय उभी राहिली. पुढं कळलं, हा आवाज म्हणजेच तुमचं पोट. बाळापूरच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव, तुमच्या भाषेत हर्रास, निघाला की भाव पुकारायचं काम तुमचं. एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर तुम्ही चालायचे, मागं व्यापाऱ्यांचा घोळका. कुणी नुसती भुवई वर केली तरी तुम्हाला दिसायचं, आणि पुढचा आकडा तुमच्या तोंडून असा निघायचा की गाडीवर झोपलेला शेतकरी उठून बसायचा.

मी लग्न होऊन डोंगरकड्याला आले. धाकट्याच्या बाळंतपणानंतर मला थायरॉईडची गोळी लागली. सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि मग चहासाठी थांबायचं. तुम्ही आमच्याकडं मुक्कामाला आलात की माझं हे थांबणं म्हणजे तुमची करमणूक. माझ्यासमोर पाटावर बसायचं, बशीत चहा ओतायचा आणि फुर्रर्र करून ओढायचा.

"शोभे, सुटला का तुझा उपास?"

"अजून न्हाई, दाजी."

"लई कडक देव हाय बाई तुझा. चहाबी चालत न्हाई त्याला."

मी चिडले की तुम्ही आणखी एक बशी मागायचे.

मग एका वर्षी उन्हाळ्यात मी बाळापूरला आले, तेव्हा तुम्ही ओट्यावर स्वेटर घालून बसला होता. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना. मला वाटलं ताप आहे. आक्का म्हणाली, "ताप न्हाई गं. थंडी वाजते म्हनतेत. आन् झोप. जेवले की झोप, उठले की झोप." तुमच्या डोळ्यांखाली सूज होती, हातांची कातडी पांढरी पडून खरखरीत झाली होती. "या, मेव्हणीबाई," तुम्ही म्हणालात, आणि मी मागं वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. आवाज तुमचा नव्हता. जाड, ओढत ओढत येणारा, ओल्या पोत्यातून आल्यासारखा.

मोंढ्यात, जिथं तुम्ही सगळ्यांचे मामा, तिथं तर त्याआधीच कुजबुज सुरू झाली होती. कुणी म्हणे मामा प्यायला लागले, कुणी म्हणे नजर लागली. मग एक दिवस हर्रासात एका व्यापाऱ्यानं भाव वाढवला तो तुम्हाला दिसलाच नाही. तुम्ही खालच्याच आकड्यावर ढीग सोडून दिला. शेतकरी अंगावर धावून आला, गलका झाला. आडत्यानं तुम्हाला बाजूला घेतलं आणि फार गोड बोलून सांगितलं, मामा, थोडे दिवस आराम करा. दुसऱ्या दिवशी तुमच्या जागी दुसरा माणूस पुकारत होता. हे मला आक्कानं फोनवर सांगितलं. तुम्ही कुणालाच काही सांगितलं नाही. घरी येऊन कूस बदलून झोपलात.

त्यानंतर आठवडाभरानं तुम्ही एकटेच डोंगरकड्याला आलात. आमचे हे केळीच्या बागेत पाणी देत होते. तुम्ही घरात आला नाहीत, मला बांधावर बोलावून घेतलं. केळीच्या एका वाळक्या पानाच्या चिंध्या करत बसलात. 

"शोभे, एक सांगतो. तुझ्या आक्काला कळू द्यायचं न्हाई."

"बरं."

"घशात झालंय मला. तंबाखू किती वर्सं खाल्ली, तुला ठाऊकच हाय."

मी म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलं?"

"डॉक्टरकडं गेलोच न्हाई."

"काहून?"

"गेलो की ते सांगतील. सांगितलं की खरं व्हईल."

भ्यायले मी, दाजी. पण त्याच वेळी तुमच्या सुजलेल्या पापण्यांकडं, त्या स्वेटरकडं बघता बघता मला माझे दिवस आठवायला लागले. मीही अशीच गारठून बसायची, अशीच झोपायची. मनात आलं, पण तोंडातून काढायची हिंमत झाली नाही. खोटी आशा दाखवली आणि घशातलंच निघालं तर? मी एवढंच म्हणाले, "उद्या नांदेडला जायचं. मी येते संगं."

"मी न्हाई येनार."

"मग मी आत्ता आक्काला फोन लावते."

तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत, जसं काही मी तुमचा ढीग फुकटात मागितला. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला उभे होता.

नांदेडचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी घसा तपासला, आत नळी घालून पाहिलं, गळ्यावरून बोटं फिरवली, बरंच काही विचारलं आणि रक्त घ्यायला लावलं. रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही बाकड्यावर माझ्या शेजारी बसून होता. तंबाखूची डबी काढायचे, उघडायचे आणि तशीच बंद करून खिशात ठेवायचे. मी पाहिलं नाही असं दाखवलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

"काका, घशात काही नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमची थायरॉईडची ग्रंथी काम कमी करतेय. आवाज, थंडी, झोप, सूज, सगळं त्यानंच. गोळी सुरू करू."

"म्हंजे ते न्हाई?"

"ते म्हणजे?"

तुम्ही तो शब्द उच्चारला नाही. डॉक्टरांनीच ओळखलं. "कॅन्सर? नाही हो."

बाहेर येऊन तुम्ही उसाच्या रसाच्या गाडीवर दोन ग्लास सलग प्यायलात, तिसरा माझ्या हातात दिलात आणि उगीचच रसवाल्याच्या पाठीवर थाप मारलीत. गाडी सुटेपर्यंत तुम्ही जगातले सगळ्यात सुखी माणूस होता. मग अर्ध्या वाटेत एकदम तोंड पडलं.

"शोभे, हे थायरॉईड म्हंजे तुझंच ते?"

"व्हय."

"ती तर बायकांची बिमारी हाय. मला काहून व्हावी?"

"गड्यांनाबी होती, दाजी. डॉक्टरांनी सांगितलं की."

"कमी होती म्हनले."

"मग तुम्ही कमीतले."

मी हसायला लागले ती बाळापूर येईपर्यंत हसत होते. गाडीतल्या बाया बघायला लागल्या. कालपर्यंत मरायला निघालेला माणूस आज अब्रूला जपत होता! उतरताना तुम्ही मला बजावलंत, "मोंढ्यात कुनाला कळता कामा नये. कुनी इचारलं तर रगत कमी हाय म्हनायचं."

त्या दिवशी आक्काला सगळं सांगितलं. ती तुमच्यावर इतकी ओरडली की क्षणभर मला वाटलं हर्रासाला तिलाच उभं करावं.

गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. मी निर्धास्त होते. पण तिकडं पुण्याहून विलासनं, बाप थकला म्हणून काळजीनं, ताकदीच्या गोळ्यांच्या बाटल्या पाठवल्या. एक जीवनसत्त्वांची, एक कॅल्शियमची, एक लोहाची. आक्काला वाटलं, एवढी सगळी औषधं नुसत्या पाण्यावर गेली तर उष्णता होईल. तिनं पेलाभर दूध द्यायला सुरुवात केली. आणि तुमचा हिशेब सरळ होता. मूठभर गोळ्या, वर दूध, एकदाच काम तमाम. माझ्या घरी कॅल्शियम नव्हतं, लोह नव्हतं; यात काही बिघडतं हे मलाही ठाऊक नव्हतं. मी फोनवर विचारायची, "रिकाम्या पोटी घेता ना?" तुम्ही म्हणायचे, "व्हय की, दुधाबिगर पोटात काहीच नसतं." मी ते तुमच्या चेष्टेत धरलं.

दीड-दोन महिन्यांनी परत रक्त तपासलं. आकडा जिथल्या तिथं, उगाच थोडासा हलला होता. तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलात. आक्का रिपोर्ट घेऊन आत गेली तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "शोभे, हे लोक माझ्यापासून लपवून राहिले. ते घशातलंच हाय." उन्हात स्वेटर घालून बसलेले तुम्ही आणि तुमचा तो चेहरा मला अजून नीट आठवतो. तुम्हाला खरंच वाटत होतं, की आता आपलं संपलं.

मी तुम्हाला आत नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. गोळीची ताकद वाढवायला पेन उचललं, आणि थांबले.

"काका, गोळी घेता कशी? मला दाखवा बरं."

तुम्हाला वाटलं, ही परीक्षाच आहे. तुम्ही मोठ्या ऐटीत तळहात पुढं केला. "ही तुमची गोळी. ही पोरानं दिली ती. ही हाडाची. ही रगताची. आन् वरून म्हशीचं दूध." आणि मूठ तोंडाकडं नेऊन मान मागं टाकून दाखवलीत.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, कॅल्शियम आणि लोह या गोळीला पोटातच धरून ठेवतात. ती पुरती अंगात जातच नाही. दुधातही कॅल्शियमच. गोळी तुम्ही रोज घेताय, पण मिळत नाही तुम्हाला."

तुम्ही क्षणभर विचार केलात. "म्हंजे माल मोंढ्यात आला, पन काट्यावर चढलाच न्हाई."

डॉक्टर इतके हसले की बाहेरची बाई डोकावून गेली. "बरोबर! तसंच." मग त्यांनी समजावलं. थायरॉईडची गोळी सकाळी एकटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासानं, तासानं झाला तर आणखी चांगला. बाकीच्या गोळ्या सोडायच्या नाहीत, पण दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. सगळ्यात सोपं म्हणजे रात्री जेवणानंतर. "आधी हे नीट करा. परत तपासू. उगाच आत्ता गोळी वाढवत नाही."

आक्काचं तोंड एवढंसं झालं. "मीच दूध देत होते," ती म्हणाली.

"तुझा काय गुन्हा?" तुम्ही म्हणालात. "दूध म्हशीचं हाय."

आणि आक्का दवाखान्यात, सगळ्यांसमोर, खळखळून हसली. तुमच्या संसारात भांडणं काही कमी नव्हती दाजी, पण कुणाला कधी कसं सावरून घ्यायचं हे तुम्हाला कळत होतं. मी ते तुमच्याकडून थोडंफार शिकले. आमच्या घरी त्याचा उपयोग होतो.

मग सुरू झाला तुमचा उपास. गोळी घेतल्यापासून चहा मिळेपर्यंतचा वेळ तुम्हाला खायला उठायचा. आक्का चुलीकडं फिरकू द्यायची नाही. मग तुम्ही मला फोन लावायला लागलात, कारण साऱ्या तालुक्यात त्या वेळी बिनचहाचं बसलेलं माणूस तुमच्या माहितीत मीच होते.

"झाला का गं चहा?"

"न्हाई. तुमचा?"

"न्हाई. बोल काहीतरी."

तेव्हापासून काही वर्षं, जवळजवळ रोज, आपण त्या वेळात बोललो. विलासच्या नोकरीवर, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यावर, औंढ्याच्या जत्रेत हरवलेल्या तुमच्या चपलेवर. माणसं चहा पिताना गप्पा मारतात. आपण चहा नाही म्हणून मारल्या. सख्ख्या भावाशी मी एवढं बोलले नसेन. त्या फोनवरच मला तुमचा आवाज परत येताना ऐकू आला. आधी ओढ गेली, मग जाडपणा उतरला, आणि एका सकाळी तुम्ही "शोभे!" म्हणालात तेव्हा मी फोन कानापासून लांब धरला. आमचे हे बाहेरून विचारत आले, "दाजी आले का?"

पुढच्या हंगामात तुम्ही परत मोंढ्यात उभे राहिलात. आमची हळद तेव्हाच विकायला आणली होती. मी मुद्दाम गाडीबरोबर आले. इतक्या वर्षांत तुम्हाला पुकारताना मी कधी पाहिलंच नव्हतं. बायका फारशा येत नाहीत तिकडं. तुम्ही ढिगाऱ्यांमधून चालत आलात, स्वेटर नाही, टोपी तिरकी, आणि पहिला आकडा टाकलात. माझ्या अंगावर काटा आला. शेजारचा हमाल म्हणाला, "आला मामाचा आवाज." मला रडू फुटलं, आणि त्याच गडबडीत तुम्ही माझा ढीग शेजारच्यापेक्षा कमी भावात सोडून दिला!

त्यावरून आपलं जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुम्ही म्हणायचे, "तुझी हळद ओली होती." मी म्हणायची, "खणखणीत वाळलेली होती, तुम्ही मेव्हणीला झुकतं माप दिलं असं लोक म्हनतील म्हणून घाबरला." तुम्ही म्हणायचे, "व्यापाऱ्यानं हळकुंड मोडून बघितलं, मी काय करू?" चहाची वेळ झाली की फोन बंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू. मी अजूनही सांगते, दाजी, हळद वाळलेली होती. आता तुम्हाला उत्तर देता येत नाही म्हणून मी जिंकले असं मात्र मी धरणार नाही.

तुम्ही झोपेतच गेलात. कुणाला तकलीफ दिली नाही, स्वतःही सोसली नाही. आदल्या सकाळी आपलं बोलणं झालं होतं, त्यात काही विशेष नव्हतं. ते विशेष नव्हतं याचं मला आधी वाईट वाटलं, आता बरं वाटतं.

तेराव्याला पंगती उठल्यावर एक जोडपं आलं. औंढ्याच्या बाजूचा तरुण शेतकरी, बायकोच्या कडेवर काही महिन्यांची मुलगी. घरात कुणी त्यांना ओळखत नव्हतं. तो माणूस दारातच उभा राहून म्हणाला, "मामाच्या मेव्हणी कोन?"

मी पुढं झाले. त्यानं सांगितलं ते असं. बायको गरोदर असताना तिला थायरॉईड निघालं. दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही मिळालेल्या. ती सगळ्या सकाळी एकत्र घ्यायची. तपासणीत आकडा खाली येईना, डॉक्टर काळजीत, घरचे घाबरलेले. हा हळद घेऊन बाळापूरला आला होता आणि हर्रास चालू असताना कुणाशी तरी हे बोलत होता.

"मामा पुकारून राहिले होते," तो म्हणाला. "मधीच थांबले. सारा मोंढा गप. मला म्हनले, ती गोळी घेती कशी? मी सांगितलं. म्हनले, मलाबी हाय थायरॉईड, मीबी असाच येडेपना केला. आजच डॉक्टरला फोन लाव. माझं ऐकू नको, मी हर्राशी मानूस; डॉक्टरला इचार, की या गोळ्यांत अंतर ठेवायचं का. पन इचार!"

 मोंढ्यात कुणाला कळू नये म्हणून मला बजावणारे तुम्ही, साऱ्या व्यापाऱ्यांसमोर?

"व्यापारी हसले," तो म्हणाला. "मामा त्यांनाबी बोलले, हसता काय, गळा तपासून घ्या आपापला. मग म्हनले, मी भिऊन घरात बसलो होतो. माझ्या मेव्हणीनं धरून नेलं म्हनून हितं उभा हाय. आन् पुढच्या ढिगावर गेले."

त्यानं डॉक्टरांना विचारलं होतं, वेळा बदलल्या होत्या, आकडा खाली आला होता, बाळंतपण नीट झालं होतं. मामांना मुलगी दाखवायची राहिली, म्हणून ती दोघं आली होती.

आक्कानं मुलीला मांडीवर घेतलं. तिचे हात उघडून पाहिले, पाय पाहिले, टाळूवर हात फिरवला. मग पोरीच्या आईला विचारलं, "जेवलीस का गं?" आणि "न्हाई" ऐकल्याबरोबर, तेरा दिवस जागची न हललेली माझी बहीण मुलीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेली. आतून तिचा आवाज आला, भाजी गरम करा म्हणून.

दाजी, इतक्या सकाळी बोललो आपण, आणि यातलं एक अक्षर तुम्ही मला सांगितलं नाहीत. हळदीवरून भांडत राहिलात. मीही तुम्हाला कधी सांगितलं नाही, की त्या दिवशी केळीच्या बांधावर तुम्ही आक्काला सोडून मला ते सांगितलंत, त्याचा मला किती मोठेपणा वाटला. आता सांगितलं. फिटलं.

आक्का आत बोलवून राहिली आहे, आज तिला माझ्याबरोबर डोंगरकड्याला यायचंय. निघताना "येते" म्हणायची आपली रीत. पण तुम्हाला "येते" म्हटलं तर तुम्ही वरूनच ओरडाल, "इतकी घाई काहून? आधी चहा तर पी!"

तर दाजी, जाते.